तीन हिसके

९ फेब्रुवारी

भावजींना नमस्कार.

अक्षर ओळखलंत का? बारा वर्षांत थोडं वाकडं झालंय, पण मालकीण तीच आहे. माझं नाव बघून पाकीट तसंच बाजूला टाकावंसं वाटलं असेल. पण आता उघडलंच आहे, तर पुरतं वाचा.

तुमचा पत्ता मला एका ताडपत्रीने दिला. बंदरावर दोऱ्या आणि खिळ्यांचं दुकान आहे, तिथे नव्या ताडपत्र्यांचा गठ्ठा आला होता. सहज कोपरा उलटून बघितला तर टाका ओळखीचा. शिवण संपली की तीन टाके मागे घ्यायचे आणि दोरा आत लपवायचा, ही तुम्हा दोघा भावांचीच खोड. दुकानदाराच्या मागे लागून गठ्ठ्यावरचा कागद मागून घेतला. समुद्राचा वासही पोचणार नाही इतक्या लांब जाऊन तुम्ही तंबू आणि ताडपत्र्या शिवत बसला असाल, असं कधी वाटलं नव्हतं.

काम असं आहे. होडीचं पुढचं शीड तारेभोवती गुंडाळायला तुम्ही ड्रम बसवून दिला होता ना, त्याची दोरी पार झिजली होती. गेल्या महिन्यात धक्क्यावरच्या मिस्त्रीकडून नवी घालून घेतली. हा मिस्त्री तोंडाने कुठलंही जहाज दुरुस्त करतो. त्याने दोरी उजव्या बाजूने आणली. शीड गुंडाळलं जातं, उलगडतंही, पण कडेची निळी पट्टी आता आत जाते आणि पांढरं कापड बाहेर उन्हात तापत राहतं. ती पट्टी उन्हासाठीच शिवलेली असते, एवढं मलाही कळतं. शिवाय ड्रमवर दोरी एकात एक अडकते आणि मध्येच घोडं अडतं.

ह्यांनी विचारलंय, आता काय करायचं? ह्यांचा हात हल्ली लिहायला वळत नाही, म्हणून मी लिहितेय.

उत्तर दोन ओळींचं असलं तरी चालेल.

तुमची,
वहिनी

*

९ फेब्रुवारी, संध्याकाळ
(हे पत्र टपालात पडलं नाही.)

भावजी,

दुपारी टाकलेल्या पत्रात एक गोष्ट खोटी आहे. ह्यांनी काही विचारलेलं नाही. हे सप्टेंबरात गेले. सकाळी चहा गाळत होते. गाळणी ओट्यावर ठेवली, खुर्चीत बसले आणि संपलं. मी दुधाचं भांडं धरून उभी होते. ते कुठे ठेवावं हे मला किती तरी वेळ सुचलं नाही.

तेव्हा तुमच्या जुन्या पत्त्यावर कळवलं होतं. महिन्याने पाकीट परत आलं, वर शिक्का, ‘इथे राहत नाहीत’. आज नवा पत्ता समोर ठेवून तेच वाक्य दुसऱ्यांदा लिहायला बसले. लिहायचं होतं ‘हे गेले’ आणि कागदावर उतरलं ‘ह्यांनी विचारलंय’. खोडायला हात झाला नाही. पाच महिन्यांत ह्यांनी पहिल्यांदाच काहीतरी केलं होतं.

आणि थोडा कावाही आहे. गेलेल्या भावासाठी तुम्ही दुखवट्याच्या चार ओळी पाठवल्या असत्या आणि विषय संपला असता. असलेल्या भावाला उत्तर द्यावं लागतं. तुम्ही दोघं एका ताटातले. त्या दिवशी होडीवर असं काय झालं की पुन्हा तोंड बघितलं नाहीत? ह्यांनी मला कधीच सांगितलं नाही. आता सांगू शकेल असं एकच माणूस उरलंय, आणि मला ते कळल्याशिवाय चैन पडणार नाही. चाळीस वर्षं ज्याच्याबरोबर राहिले त्याच्या मनातली एक खोली मला बंदच राहिली.

खरं सांगायचं पत्र म्हणून हे लिहायला घेतलं. पण हे ओट्याच्या खणातच राहणार, असं दिसतंय.

*

२१ फेब्रुवारी

सौ. वहिनींना नमस्कार.

पत्र मिळालं. दोन ओळी म्हणालात, पण एवढ्यात हे बसणार नाही. अक्षराला हसू नका. उजव्या हाताला तीनच बोटं आहेत, हे तुम्हाला माहीत आहे.

दादा डावखुरा, म्हणून मी ती दोरी डाव्या बाजूने आणली होती. ड्रम त्या हिशेबाने फिरतो आणि पट्टीही त्या हिशेबाने शिवली आहे. मिस्त्रीने दोरी उजवीकडून घेतली, ड्रम उलटा फिरायला लागला, पट्टी आत गेली. मिस्त्रीला माझा नमस्कार सांगा आणि पुन्हा होडीला हात लावू देऊ नका.

वारा नसेल अशा सकाळी जा. शीड पुरतं उलगडा. ड्रमवरची सगळी दोरी काढा, गाठही सोडा. आता शीड हाताने तारेभोवती गुंडाळा, पट्टी बाहेर राहील अशा बाजूने. मग दोरी डावीकडच्या कप्प्यांच्या चाकांवरून पुढे न्या, ड्रमच्या भोकातून आत घाला, टोकाला गाठ मारा. ड्रमवर तीन फेरे गुंडाळून ठेवा. तिनाच्या खाली नको. मग शीड हळूहळू उलगडलं की दोरी आपोआप ड्रमवर चढेल. तेव्हा ती सैल सोडू नका, हातात जराशी धरून ठेवा. म्हणजे एकात एक अडकणार नाही.

तीन फेरे कशाला, असं मिस्त्री विचारेल. जोराच्या वाऱ्यात शीड घट्ट गुंडाळलं जातं आणि दोरी जास्त लागते. शिल्लक फेरे नसतील तर दोरी संपते आणि सगळा भार एकट्या गाठीवर येतो.

गाठ मारून झाली की दादाला ओढून बघायला सांगा. बाबांचा नियम त्याला पाठ आहे. ज्याने गाठ मारली त्याने ती तपासायची नाही. दुसऱ्याने तीन हिसके द्यायचे.

एक विचारतो. पट्टी आत गेलेली दादाला महिनाभर खपली? साधा पडदा तिरका असला तर त्याला जेवण जात नसे. आणि यावरचा उपाय त्याला माहीत नाही, हे मी कसं मानू? दोरीला हात लावायला मला त्यानेच शिकवलं. मग तो मला का विचारतोय? तीन दिवस याचाच विचार केला. जे उत्तर सुचलं ते लिहीत नाही, उगाच नजर लागायची.

आपला,
दीर

*

७ मार्च

भावजी,

निळी पट्टी बाहेर आली!

सकाळी सातला गेले होते, परतायला एक वाजला. शीड हाताने गुंडाळणं म्हणजे नाठाळ पोराला आंघोळ घालणं. दोनदा सगळंच्या सगळं अंगावर आलं आणि मी आत गुडूप झाले. मिस्त्री धक्क्यावर उभा राहून सल्ले देत होता. म्हणाला, “बाई, उलटं करताय.” मी म्हटलं, “तुम्ही सुलटं केलंत, तेच निस्तरतेय.” मग त्याला चहाची आठवण झाली.

डावीकडची शेवटची कप्पी मीठ धरून बसली होती, चाक हलेना. घरून थर्मासमधून गरम पाणी नेलं होतं ते चहासाठी. ते तिच्यावर ओतलं. चाक फिरलं, माझा चहा गेला. फेरे तीन म्हणालात, मी चार ठेवले. भित्री आहे मी, तुम्हाला माहीतच आहे.

गाठ मी मारली. ह्यांनी ओढून बघितली. म्हणाले, ठीक आहे.

ह्यांचं हे ओढून बघणं तुम्हाला नवीन नाही, पण तुम्ही गेल्यापासून ते फार वाढलं. दाराची कडी, नळ, माझ्या पिशवीचे बंद, शेजाऱ्यांच्या फाटकाची साखळी. दिसलं की तीन हिसके. एकदा बँकेत पेन बांधून ठेवलेली साखळी तोडली आणि तिथल्या बाईंची माफी मला मागावी लागली. बरं, ओढून समाधान होतं म्हणावं तर तेही नाही. ओढायचं आणि उभं राहायचं, आणखी कुणीतरी यायचं असल्यासारखं.

हो, एक राहिलं. सुटे भाग शोधताना होडीच्या खालच्या फडताळात, पार मागे, एक कापडी पिशवी सापडली. तोंड शिवून टाकलेलं, शेवटी तीन टाके मागे. उसवली तर आत जुनी दोरी, नीट वेटोळं केलेली. तुटलेली नाही, कापलेलीही नाही, दोन्ही टोकं शाबूत. एका टोकाशी गाठीचा वळ अजून दिसतो, पण गाठ नाही. असली दोरी कुणी शिवून का ठेवेल? ह्यांना विचारलं, काही बोलले नाहीत. तुम्हाला काही ठाऊक आहे का?

आणि तुमचं अक्षर छान आहे. मी हसले नाही.

वहिनी

*

२० मार्च

सौ. वहिनींना नमस्कार.

पुढचं सगळं दादासाठी आहे. त्याला वाचून दाखवा. मोठ्याने वाचा आणि मध्ये थांबू नका. तो ‘पुरे’ म्हणेल, तरी थांबू नका.

दादा,

पिशवीचं वाचलं. दोन दिवस मशीनवर बसलो, पण एक शिवण सरळ आली नाही.

तू सरळ पत्र लिहिणारा माणूस नाहीस. मी काहीतरी लिहावं म्हणून तू आधी पट्टीचं निमित्त काढलंस. तेव्हाच मला शंका आली होती. मग पिशवी. वहिनींना वाटतंय ती त्यांना सापडली. तूच ती त्यांच्या हाताला लागेल अशी सरकवून ठेवली असशील. तुझी ही जुनी पद्धत आहे. लहानपणी मी खोटं बोललो की तू काही बोलायचा नाहीस, फक्त फुटलेली वस्तू माझ्या उशाशी आणून ठेवायचास.

तर ऐक. त्या सकाळी आपण बोलत नव्हतो. वॉर्निशचा ब्रश मी न धुता ठेवला होता आणि त्याचा दगड झाला होता. तू धक्क्यावरच्या सगळ्यांसमोर म्हणालास, “याचा ब्रश धुवायला एक बाई ठेवायला हवी.” सगळे हसले. अडतीस वर्षांचा घोडा मी, गाल फुगवून बसलो. त्याच रागात नवी दोरी घातली. फेरे मोजले नाहीत. गाठ मारली आणि तुला हाक मारायची, ती मारली नाही. तू सुकाणूपाशी बसल्याबसल्या विचारलंस, “झालं?” मी म्हटलं, “झालं.” आपल्या घरात झालं म्हणजे ओढून बघून झालं. बाबांनी लावलेली सवय मी त्या दिवशी एका शब्दात मोडली.

दुपारी वारा चढला. शीड गुंडाळायला तू दोरी ओढलीस. शीड घट्ट बसत गेलं, फेरे संपले, एक कोपरा बाहेर फडफडत राहिला. मी पुढे जाऊन ड्रमला हात घातला, हाताने अर्धा फेरा फिरवू म्हणून. तेव्हा गाठ निसटली. दोरीचं टोक माझ्या डोळ्यांदेखत भोकातून बाहेर आलं. शीड सुटलं, ड्रम फिरला, माझी दोन बोटं गेली.

दवाखान्यात डॉक्टरांनी विचारलं, कसं झालं? मी म्हटलं, “दादाच्या हातून दोरी सुटली.” तू दारात उभा होतास. त्यांनी तुझ्याकडे बघितलं. तू म्हणालास, “हो.”

तुझ्या हातून सुटली असती, तर शीड उलगडताना ती ड्रमवर जाऊन बसली असती. ती सुटली नव्हती, दादा. सगळीच्या सगळी तुझ्या हातात होती, टोकासकट. गडबडीत तुझ्या हे लक्षात आलं नसेल, असं मी बारा वर्षं स्वतःला सांगत आलो. आणि तू ती दोरी पिशवीत घालून शिवून ठेवलीस. म्हणजे तू टोक बघितलं होतंस. दारात उभा राहून ‘हो’ म्हणालास, तेव्हाही तुला माहीत होतं. मला वाचवायला म्हणालास.

लोक म्हणायचे, थोरल्याने धाकट्याचा हात घालवला. तू ऐकून घेत होतास. मीही ऐकून घेत होतो. मला तुझ्यासमोर ताटावर बसवेना, म्हणून मी गाव सोडलं. तुझ्यावर रुसून गेलो असं सगळ्यांना वाटलं, ते मी वाटू दिलं. रुसलो नव्हतो रे. लाज वाटत होती.

चूक माझी होती. गाठ माझी होती. इतकं साधं वाक्य, पण ते लिहायला बारा वर्षं लागली.

इथे दुकानाच्या वर माझी खोली आहे. खुर्ची एकच. दुसरी कुणासाठी घ्यायची? रविवारी दुकान बंद असतं तेव्हा संध्याकाळपर्यंत माझा आवाज मला ऐकू येत नाही. तू ये म्हण, मी येतो. येऊ नकोस म्हण, तेही ऐकेन. पण काहीतरी म्हण.

धाकटा

*

२४ एप्रिल

सौ. वहिनींना नमस्कार.

महिना होऊन गेला. पत्र पोचलं नसेल असं आधी वाटलं, पण टपालवाला म्हणतो पोचलं असणार.

वाचून दाखवलंत का? काय म्हणाला? चिडला असेल तर चिडला एवढंच लिहा. त्याचा राग मला चालेल, तो माझ्या हक्काचा आहे. उठून गेला का? कागद फाडला का? रोज दुपारी टपालाच्या वेळेला मी मशीन थांबवतो, समोरच्या दुकानातला मला हसतो. जीव नुसता टांगणीला लागलाय.

एक ओळ चालेल.

आपला,
धाकटा

*

३ मे

भावजी,

आधी एक करा. बसून घ्या. तुमच्याकडे खुर्ची एक असली तरी पुरेल.

हे नाहीत. सप्टेंबरात गेले. झोपेतून उठून स्वतःच्या पायांनी ओट्यापाशी आले होते, चहा गाळला आणि गेले. दुखणं नाही, खुपणं नाही. तुमच्या जुन्या पत्त्यावर मी कळवलं होतं, ते पाकीट परत आलं. ते सोबत घातलंय, शिक्का बघा. त्याच पाकिटात ओट्याच्या खणातलं एक पत्रही आहे. पहिल्या दिवशीच लिहिलं होतं. पाठवलं असतं तर आज ही वेळ आली नसती.

पट्टी महिनाभर खपली, कारण बघणारं कुणी नव्हतं. विचारलं मी. पिशवी सापडली मला. ह्यांनी ती कुठे सरकवून ठेवली नव्हती, ती पार मागे होती, कधी कुणाला सापडू नये अशी. ‘ह्यांना विचारलं, काही बोलले नाहीत’ हे मी लिहिलं, ते मात्र खरं होतं.

मी फार वाईट केलं. पण का केलं, तेही सांगते. तुमच्या पाकिटावर ‘सौ.’ असायचं. सप्टेंबरापासून तशी हाक मला कुणी मारली नव्हती. पाकीट मी टेबलावर तसंच दिसेल असं ठेवायचे आणि जाता-येता वाचायचे. तुमच्या पत्रात हे जेवत होते, चिडत होते, पडदा सरळ करत होते. मला वाटलं, आणखी एक पत्र, मग सांगू. मग तुमचं ते मोठं पत्र आलं आणि उत्तराचा कागद मी रोज काढायचे आणि परत ठेवायचे.

तुम्ही वाचून दाखवा म्हणालात. मी दाखवलं. होडीत गेले, सुकाणूपाशी ह्यांची जागा आहे तिच्यासमोर बसले आणि मोठ्याने वाचलं. मध्ये थांबले नाही. ‘पुरे’ म्हणायला कुणी नव्हतं.

आता एक ऐका, यात तिळभर खोटं नाही. ते तुम्हाला वाचवत नव्हते. तुम्ही दवाखान्यात होतात तेव्हा हे घरी येऊन पायरीवर बसले आणि म्हणाले, “मी ओढून बघायला हवी होती.” पुढेही कितीदा तरी म्हणाले. मला वाटायचं, दोरी आणखी जोर लावून ओढायला हवी होती असं म्हणताहेत. मी समजूत घालायचे, “अहो, वाऱ्यापुढे माणसाचा काय जोर चालतो?” ते माझ्याकडे बघायचे आणि उठून दाराची कडी ओढायला जायचे. बाबांचा नियम तुम्ही पत्रात लिहिलात तेव्हा मला ठाऊक झाला, आणि ब्रशाचं कळलं तेव्हा सगळं उलगडलं. “झालं?” असं बसल्याबसल्या विचारलं आणि उठून आले नाहीत. तुम्ही हाक मारली नाहीत, आणि तेही रागापायी उठले नाहीत. गाठ तुमची होती, पण ओढून बघणं त्यांचं काम होतं. डॉक्टरांसमोर ‘हो’ म्हणाले ते मनापासून म्हणाले. चूक आपली आहे, असंच ते धरून चालले होते. तुम्ही रुसून गेलात, म्हणजे तुम्हीही तेच धरलंय, असं त्यांना वाटलं. दोघांनी आपापली चूक अशी पोटाशी धरली की दुसऱ्याकडे बघायला मान वर झाली नाही. तुमच्या दोघांचा मला इतका राग आला की मी होडीत बसून रडले आणि मग भांडी घासायला घरी आले.

आणखी एक खोटं उरलंय. माझी गाठ ह्यांनी ओढून बघितली असं लिहिलं होतं. मीच मारली आणि मीच ओढली. तीन हिसके दिले. पण स्वतःच्या गाठीवर स्वतःचा हात हलका पडतो, हे मला तिथल्या तिथे कळलं. मार्चपासून मी ते शीड उलगडलेलं नाही. रोज जाते, दोरीला हात लावते आणि परत येते.

आता तुम्ही लिहिणार नाही, हे गृहीत धरते. पहिल्या पत्रात म्हटलं होतं, पुरतं वाचा. वाचलंत, उपकार.

वहिनी

*

११ जून

वहिनी,

पाकिटावर ‘सौ.’ लिहिलं आणि मग लक्षात आलं. खोडायला गेलो तर पेन पुढे सरकेना. तसंच राहू दिलंय. तुम्हाला ते टेबलावर ठेवायचं असेल तर ठेवा.

पाच आठवडे लिहिलं नाही. पहिला आठवडा तुमच्यावर चिडलो होतो. तुमचं पत्र चुरगाळून मशीनखालच्या टोपलीत टाकलं, संध्याकाळी काढून इस्त्री केली. दुसऱ्या आठवड्यात स्वतःवर चिडलो. पट्टी आत गेली आणि दादाला ती खपली, हे वाचलं त्याच क्षणी मला कळायला हवं होतं. कदाचित कळलंही होतं. पण तो मला बोलावतोय, असं मानणं जास्त गोड होतं. तेव्हा तुम्ही एकट्यांनीच फसवलं नाहीत. मीही त्यात होतो.

नंतर मात्र चीड संपली आणि दुकान तीन दिवस बंद ठेवलं. सप्टेंबरात मी काय करत होतो ते आठवून बघितलं. कुठल्याशा सर्कशीचा तंबू शिवत होतो. तो चहा गाळत होता तेव्हा मी बहुतेक सुईत दोरा ओवत असेन, आणि मला काही झालं नाही. हातातली सुईदेखील पडली नाही. याचं फार वाईट वाटतं, वहिनी.

पण फेब्रुवारीपासून मेपर्यंत माझा दादा होता. त्याने विचारलं, मी सांगितलं, त्याने ओढून बघितलं आणि ठीक आहे म्हणाला. बारा वर्षांत तेवढेच तीन महिने मी कुणाशी तरी बोलत होतो. ते तुम्ही दिलेत, आणि ते मी परत करणार नाही.

मी येतोय. सव्वीस तारखेच्या सकाळच्या बसने. शीड उलगडू नका, मिस्त्रीला जवळ फिरकू देऊ नका आणि वॉर्निशचा ब्रश असेल तर टर्पेंटाइनमध्ये बुडवून ठेवा, तिथे पोचल्यावर पहिला तोच धुणार आहे.

मग तुमची गाठ मी ओढून बघतो. तीन बोटांनी तीन हिसके. ती सुटली तर पुन्हा मारायची, सुटली नाही तर शीड उलगडायचं.

आणि ती पिशवीतली दोरी बाहेर काढून ठेवा. तिच्या त्याच टोकाला मला पुन्हा गाठ मारायची आहे. मारून झाली की मी हाक मारीन. तुम्ही दादाच्या जागेवरून उठून या, आणि हात हलका ठेवू नका.

धाकटा